श्रीलंकेहून परतताना

(संस्थेच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या जानेवारीत आपल्या संस्थेतर्फे आम्ही चौदा जण नऊ दिवसांसाठी श्रीलंकेला जाऊन आलो. त्या दौऱ्याचा अहवाल मी आज वाचावा, अशी कार्यकारिणीची सूचना होती. मी बँकेत कारकून आहे. हिशेब जुळवण्यातच माझी पंचवीस वर्षे गेली, त्यामुळे अहवाल लिहिणे मला जड नाही. किती माणसे गेली, किती पुस्तके वाटली, किती विहारांना भेटी दिल्या, कोठे कोणाचा सत्कार झाला, हे सारे तक्त्यात भरून मी कार्यालयात दिले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य पाहावे. आज मला त्या तक्त्यात न बसलेल्या दोन-तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवायच्या आहेत. त्या ऐकून काही मंडळी नाराज होतील, याची मला कल्पना आहे. परंतु धम्माच्या नावाने परदेशी फिरून आलेल्या माणसाने परत आल्यावर निदान खरे बोलावे, एवढी अपेक्षा आपण ठेवालच.

नागपूरहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून विमानाने कोलंबो असा आमचा मार्ग होता. आमच्यापैकी अकरा जण आयुष्यात प्रथमच विमानात बसले, त्यात मीही होतो. प्रत्येकाच्या छातीवर पंचशील ध्वजाचा बिल्ला होता. सामानात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीच्या पन्नास प्रती होत्या आणि 'धम्मप्रचार दौरा' असे रंगवलेला एक कापडी फलक होता. ज्या देशाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ धम्म जपला, ज्या देशात पाली तिपिटक प्रथम लिहून काढले गेले, त्या देशात आपण कोणाला प्रचार करणार, हा प्रश्न मला निघताना पडला नव्हता. खरे सांगायचे तर मनात थोडा ताठा होता. बाबासाहेबांची माणसे आहोत, सांगण्यासारखे पुष्कळ आहे, असे वाटत होते.

मित्रहो, बाबासाहेब स्वतः १९५० च्या मे महिन्यात श्रीलंकेला गेले होते. कँडी येथे जागतिक बौद्ध बंधुत्व परिषद भरली होती, त्या निमित्ताने. बौद्ध विधी प्रत्यक्ष कसे चालतात, धम्म तेथे कितपत जिवंत आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोमध्ये ते भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्ताविषयी बोलले. तेथील दलितांना त्यांनी धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले आणि तेथील बौद्धांना सांगितले, की या लोकांना आपल्यात घ्या आणि पित्याच्या मायेने त्यांचे हित पाहा. हे शेवटचे सांगणे मी पूर्वी वाचले होते. बौद्ध राष्ट्रातल्या बौद्धांना असे सांगण्याची गरज बाबासाहेबांना का वाटली असेल, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. तो विचार या दौऱ्याने करायला लावला.

पहिले तीन दिवस आम्ही भारावून गेलो होतो. रविवारी सकाळी पांढरेशुभ्र कपडे घातलेली शेकडो मुले-मुली विहारातल्या धम्मशाळेत रांगेने जाताना पाहिली, तेव्हा आमच्यातल्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. तेथे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी दारूची दुकाने बंद असतात. आपण विहारावर जो ध्वज अभिमानाने फडकवतो, तो १८८५ साली कोलंबोमध्ये प्रथम फडकला. शाळेपासून विद्यापीठापर्यंत मोफत शिक्षणाचे धोरण त्या लहानशा देशाने १९४५ सालीच स्वीकारले. २०२२ साली त्या देशाचे अर्थकारण कोसळले, लोकांना पेट्रोल आणि औषधांसाठी रांगा लावाव्या लागल्या, तरी मुलांच्या शाळेविषयीची त्यांची आस्था कमी झालेली आम्हाला दिसली नाही. विद्यार्थी मित्रांनी हे लक्षात ठेवावे.

अनुराधपूरला संघमित्रेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेला महाबोधी पाहिला. दुसऱ्या दिवशी मिहिंतले येथे गेलो. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र थेर याच डोंगरावर राजा देवानांपिय तिस्स याला भेटले, अशी तिथली परंपरा आहे. पायऱ्या चढता चढता आमच्याबरोबरच्या भन्तेंनी महावंसातली त्या भेटीची हकिकत सांगितली. राजा शिकारीला आला होता. धम्म सांगण्यापूर्वी महेंद्र थेरांनी त्याची बुद्धी पारखली. समोरच्या आंब्याच्या झाडावरून काही प्रश्न विचारले. मग विचारले, तुला नातेवाईक आहेत का? राजा म्हणाला, पुष्कळ आहेत. नात्यात नसलेली माणसे आहेत का? राजा म्हणाला, ती त्याहून अधिक आहेत. मग नात्यातले आणि नात्याबाहेरचे सोडून आणखी कोणी आहे का? राजाने उत्तर दिले, आहे, मी स्वतः आहे. तेव्हा थेरांची खात्री पटली, की या माणसाला धम्म सांगता येईल.

मला गोष्ट आवडली. मी ती वहीत टिपून घेतली. पुढे दौऱ्यात ती माझ्यावरच येणार आहे, हे तेव्हा कळले नाही.

कँडीला आमची व्यवस्था ज्यांनी केली ते एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना सर म्हणत होतो. दंतविहाराचे दर्शन घेऊन आल्यावर संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो. बोलता बोलता तिथल्या भिक्खुसंघाचा विषय निघाला. मी बी. ए. ला इतिहास घेतला होता, त्यामुळे उत्सुकतेने विचारत गेलो. अठराव्या शतकात श्रीलंकेत रीतसर उपसंपदा देऊ शकतील असे भिक्खूच उरले नव्हते. तेव्हा कँडीच्या राजाने सयामहून भिक्खू बोलावले आणि १७५३ साली उपाली थेरांच्या हातून उपसंपदा पुन्हा सुरू झाली. तो सयाम निकाय. परंतु थोड्याच काळात त्या निकायाचे दार केवळ गोविगम या शेतकरी उच्च जातीच्या मुलांपुरते राहिले. इतर जातींचे श्रामणेर बाहेर राहिले. दालचिनी सोलणाऱ्या सालागम जातीच्या काही श्रामणेरांनी मग समुद्र ओलांडला, ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन नवा निकाय उभा केला. तो अमरपुर निकाय. सर म्हणाले, आता पुष्कळ बदल झाला आहे, पण ती जुनी रूढी अजून पुरती गेलेली नाही.

मी चटकन बोलून गेलो, "सर, भगवंताच्या संघात जात? हे आम्हाला पटत नाही. बुद्धांच्या संघात उपाली न्हावी होते, सुनीत भंगी होते."

सर शांत होते. त्यांनी विचारले, "आणि तुमच्याकडे? तुमच्याकडे आता जात नाही?"

मी म्हणालो, "नाही सर. १४ ऑक्टोबर १९५६ ला आम्ही ती नागपूरला टाकून आलो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर हसले आणि त्यांनी चहा मागवला. तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. कारण मी खोटे बोललो होतो, आणि खोटे बोललो हे मला माहीत होते.

बंधू-भगिनींनो, ते खोटे काय होते, ते मी आज सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या मुलाने लग्न ठरवले. मुलगी शिकलेली, दवाखान्यात परिचारिका, स्वभावाने गोड. पण मातंग समाजाची. घरात वादळ उठले. नातेवाईक म्हणाले, आपल्यात मुली मिळत नाहीत का? मुलगा माझ्याकडे आला. "काका, तुम्ही एक शब्द बोला, बाबा तुमचे ऐकतात," असे म्हणाला. या संस्थेच्या वतीने मी आजवर कितीतरी मंगल परिणय लावले आहेत, प्रत्येक ठिकाणी समतेवर पाच मिनिटे बोललो आहे. त्या दिवशी मी म्हणालो, "मोठ्या भावाच्या शब्दापुढे मी कसा जाऊ?" शेवटी मुलांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. निरोप आला होता. मी गेलो नाही. मार्चअखेरचे काम आहे, असे कळवले. मार्चअखेरचे काम होतेच, पण तासाभराची सुट्टी मागितली असती तर साहेबांनी नाही म्हटले नसते.

त्या रात्री सरांनी आणखी एक हकिकत सांगितली. डॉ. ए. टी. अरियरत्ने हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. १९५८ साली ते कोलंबोच्या नालंदा कॉलेजात तरुण शिक्षक होते. त्या वर्षाच्या अखेरीस ते आपल्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना घेऊन कणतोलुव नावाच्या गावी गेले. तेथे रोडी लोकांची वस्ती होती. सिंहली समाजात रोडी म्हणजे सर्वांच्या खालचे, ज्यांची सावलीसुद्धा लोक टाळत, ज्यांना भीक मागूनच जगावे लागे. शहरातल्या चांगल्या घरची ती मुले त्या वस्तीत राहिली, त्यांच्याबरोबर जेवली, त्यांच्याबरोबर कुदळ-फावडे घेऊन राबली. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली आणि पुढे हजारो खेड्यांत पोहोचली. १९६९ साली अरियरत्ने यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४ साली ते गेले. सर म्हणाले, "ते दूरदेशी गेले नाहीत. आपल्याच देशात, जेथे आपले लोक जात नव्हते तेथे गेले."

दौऱ्याच्या सातव्या दिवशी आम्ही हॅटनच्या बाजूला चहाच्या मळ्यांत गेलो. तिथला मजूरवर्ग तमिळ आहे. इंग्रजांच्या काळात त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा तमिळ मुलखातून मजुरीसाठी नेले गेले, आणि त्यांत मोठा भरणा आपल्यासारख्याच गावकुसाबाहेरच्या जातींचा होता. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यातल्या लाखो लोकांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. १९६४ साली शास्त्रीजी आणि सिरिमाओ बाईंच्या करारात ठरले, की ५,२५,००० माणसे भारताने घ्यावीत आणि ३,००,००० श्रीलंकेने. उरलेल्यांचे पुढे पाहू. बँकेत आम्ही नोटांची बंडले अशी वाटून ठेवतो. हा सारा गुंता सुटायला २००३ सालचा कायदा यावा लागला.

त्यांच्या घरांच्या चाळी लांबलचक असतात, एका कुटुंबाला एक खोली. आम्ही फलक धरून, छातीवर बिल्ले लावून त्या चाळीपुढून निघालो. दारात एक म्हातारी बाई नातवाला घेऊन उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले, बिल्ल्याकडे पाहिले, नातवाचा हात ओढून त्याला आत घेतले आणि दार लोटले.

मित्रहो, ज्या ध्वजाने आपल्याला माणूस केले, त्या ध्वजाकडे पाहून एका गरीब म्हातारीने दार लोटले. मी सुन्न झालो. आमच्याबरोबरच्या तमिळ दुभाष्याने समजावले. या बाईने १९८३ चा जुलै पाहिला आहे. तमिळांची घरे-दुकाने जाळली गेली, माणसे मारली गेली. त्यानंतरचे युद्ध २००९ पर्यंत चालले. तिच्या लेखी हे चिन्ह बहुसंख्याकांचे, सत्तेचे आहे. आपल्याकडे जो ध्वज दुबळ्यांच्या हातात आहे, तो तेथे बलवानांच्या हातात आहे. चीवर पांघरले म्हणजे मनातला द्वेष गेला, असेही होत नाही. १९५९ साली पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर गोळ्या झाडणारा एक भिक्खूच होता. तिथल्या सगळ्या भिक्खूंना मी यात ओढत नाही. रोज स्वतःच्या भिक्षेतून गरिबांना जेवू घालणारे भिक्खूही आम्ही पाहिले. मला एवढेच म्हणायचे आहे, की धम्म नावाने टिकतो आणि आचरणात संपतो, असे होऊ शकते. कोठेही होऊ शकते.

आम्ही फलक गुंडाळला. दुभाष्याने त्या बाईला दाराबाहेरूनच सांगितले, की ही माणसे भारतातली आहेत, यांच्या आजोबांनाही गावाबाहेर ठेवले होते, यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. बराच वेळ गेला. मग दार उघडले. तिने आम्हाला आत बोलावले, काळा चहा दिला आणि प्रत्येकाच्या तळहातावर थोडी साखर ठेवली. चहा पिकवणाऱ्यांच्या घरी दूध नव्हते. तिच्या नातवाने माझ्या पिशवीकडे बोट दाखवून काहीतरी विचारले. दुभाषी म्हणाला, वही आहे का, असे विचारतो आहे. माझ्या पिशवीत इंग्रजी ग्रंथ होते. वही नव्हती. माझी टिपणवही होती, तिची कोरी पाने फाडून मी त्याला दिली.

शेवटची रात्र कोलंबोतल्या एका विहाराच्या अतिथिगृहात काढली. समारोपाची बैठक झाली. प्रत्येकाने पाच मिनिटे बोलायचे होते. कोणी विहारांविषयी बोलले, कोणी तिथल्या स्वच्छतेविषयी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मला हिशेब जुळवायचा आहे. पन्नास ग्रंथ नेले, एकतीस वाटले, एकोणीस परत चालले आहेत, हा हिशेब जुळतो. पण धम्मप्रचाराला निघालेल्या माणसाच्या घरात काय आहे, हा हिशेब जुळत नाही. दिवसअखेर रोकड जुळली नाही तर आम्हाला बँकेतून उठता येत नाही. मग मी पुतण्याच्या लग्नाची गोष्ट सर्वांपुढे सांगितली. खोलीत कोणी बोलले नाही. थोड्या वेळाने आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "माझ्याही घरात असेच झाले आहे. फक्त त्या मुलाने ऐकले, आणि ते लग्न झाले नाही." त्यानंतर आणखी दोघे बोलले. ती नावे मी येथे घेणार नाही.

भगवंतांनी पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी निघण्यास सांगितले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असेही सांगितले. म्हणजे ज्याची वाट त्यानेच चालायची आहे. नात्यातले, नात्याबाहेरचे आणि मी स्वतः. मिहिंतलेच्या डोंगरावरचा तो प्रश्न त्या रात्री मला समजला.

परत आल्यावर बॅग उघडण्याआधी मी सायकल काढली. पुतण्याचे घर आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. कोलंबोपर्यंत गेलो, पण त्या पंधरा मिनिटांना मला दोन वर्षे लागली. दार सूनबाईंनी उघडले. क्षणभर त्या थांबल्या, मग हसून म्हणाल्या, "या काकाजी. झाले का मार्चअखेरचे काम?" मी मान खाली घातली. त्यांनी पाणी आणले, चहा ठेवला. पुतण्या कामावरून येईपर्यंत मी बसून राहिलो. बोलणे फार झाले नाही. निघताना म्हणाला, "काका, रविवारी काकूला घेऊन या." आम्ही गेलो. थोरल्या भावाची समजूत अजून पटलेली नाही. प्रयत्न चालू आहे.

आता आपल्या संस्थेविषयी दोन शब्द, आणि मी थांबतो.

आपण दरवर्षी वधू-वर परिचय मेळावा घेतो. त्याच्या अर्जात नाव, शिक्षण, नोकरी, उंची या रकान्यांनंतर पाचवा रकाना आहे 'पोटजात'. बाहेरच्या जातीची गोष्ट दूर राहिली, आपण आपल्यातच चाळणी लावली आहे. हा अर्ज मीच टाईप केला आहे, दोष माझाही आहे. कार्यकारिणीत मी हा विषय काढला, तेव्हा उत्तर मिळाले, की लोकच विचारतात, आपण काय करणार? मी नम्रपणे विचारतो, लोकांनी विचारले म्हणून आपण छापायचे असेल, तर संस्थेची गरज काय? पुढील सर्वसाधारण सभेत तो रकाना काढण्याचा ठराव मी मांडणार आहे. आपण हात वर करावा, ही विनंती.

दुसरी गोष्ट अभ्यासिकेची. ती सभासदांच्या मुलांपुरती आहे. नाल्यापलीकडे सफाई कामगारांची वस्ती आहे. त्यातली मुले रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करताना मी रात्री घरी येताना पाहतो. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला श्रीलंकेला जायची गरज नाही. नाल्यावर पूल आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी चार-पाच जण तिकडे गेलात, आणि तिकडच्या मुलांना इकडे घेऊन आलात, तरी आपले कणतोलुव झाले असे मी समजेन. पहिल्या शंभर वह्या माझ्याकडून. ते एकोणीस ग्रंथही अभ्यासिकेत ठेवले आहेत. इंग्रजी कळत नसेल त्याला कळणाऱ्याने समजावून सांगावे.

 माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असेल तर क्षमा असावी, परंतु जे सांगितले ते मी मागे घेत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!